एमजीबी की फियाट १२४ स्पायडर? मुंबईच्या रस्त्यांवर आणि मुंबईच्या हवेत

मुंबई हे फियाटचं गाव. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीने इथल्या दोन पिढ्यांना टॅक्सीत बसवलं, गाडी शिकवली आणि गॅरेजवाल्यांची पोटं भरली. त्यामुळे जुनी, उघड्या टपाची दोन सीटची युरोपियन गाडी घ्यायची म्हटलं की अनेकांचं मन आधी फियाट १२४ स्पोर्ट स्पायडरकडे झुकतं. "फियाटच ना, मिस्त्री गल्लीत मिळेल." हा हिशेब चुकतो. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, साधं पुशरॉडचं, म्हणजे दांड्यांनी व्हॉल्व्ह उघडणारं. स्पायडरचं इंजिन फेरारीची इंजिनं केलेल्या ऑरेलिओ लाम्प्रेदीच्या हातचं, डोक्यावर व्हॉल्व्ह उघडणारे दोन कॅमशाफ्ट आणि ते फिरवायला रबरी टायमिंग बेल्ट. नाव सोडलं तर दोन्हींत काही नातं नाही. प्रीमियर ११८ एनईची बॉडी फियाट १२४ सलूनची होती हे खरं, पण तिच्यात इंजिन निसानचं होतं.

उलट दुसरी गाडी, उघड्या टपाची ब्रिटिश एमजीबी, हिचं इंजिन आपल्याकडच्या मिस्त्र्यांना कळत-नकळत पाठ आहे. १७९८ सीसीचं हे बी-सिरीज इंजिन आणि अँबॅसडरचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन एकाच घराण्यातली. दोन्हींचा स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८८.९ मिमी, फरक बोअरचा (सिलिंडरच्या व्यासाचा): अँबॅसडरची ७३ मिमी, एमजीबीची ८०.२६. म्हणून अँबॅसडरचे पिस्टन आणि रिंगा इथे चालत नाहीत, पण अँबॅसडरवर तयार झालेला हात चालतो. टॅपेटचंच घ्या, म्हणजे व्हॉल्व्हपाशी ठेवायच्या फटीचं. आठ व्हॉल्व्ह, गॅप १५ थाऊ (इंचाचे हजारांश) म्हणजे ०.३८ मिमी, आणि नवाचा नियम: आठव्या नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण दबला की पहिल्याचा गॅप बघायचा, सातवा दबला की दुसऱ्याचा, बेरीज नेहमी नऊ. अँबॅसडर केलेल्या मिस्त्र्याला हे सांगावं लागत नाही. मुंबईसाठी या दोन गाड्यांची तुलना खरं तर इथेच अर्धी संपते. उरलेली अर्धी मात्र एकतर्फी नाही, कारण गाडी म्हणून स्पायडर अनेक बाबतींत पुढची आहे.

एमजीबी १९६२ ते १९८० अशी १८ वर्षं इंग्लंडमधल्या अॅबिंग्डनला बनत होती. बंद टपाची जीटी धरून ५ लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. रचना सरळ: लोखंडी ब्लॉक, लोखंडी हेड, दोन एसयू कार्ब्युरेटर, चार गिअर, पुढे डिस्क आणि मागे ड्रम, मागच्या अॅक्सलला पाटे. स्पायडर १९६६ च्या ट्युरिन शोमध्ये आली, बॉडी पिनिनफारिनाची. सुरुवात १४३८ सीसीने, पुढे १६०८, १७५६ आणि शेवटी १९९५. अॅल्युमिनियम हेड, पाच गिअर, चारही चाकांना डिस्क, मागे कॉइल स्प्रिंग. कागदावर इटालियन गाडी एक पिढी पुढे दिसते, आणि चालवतानाही तसंच वाटतं. पहाटे वरळीहून कोस्टल रोडने मरीन ड्राइव्हकडे येताना स्पायडर वरच्या आरपीएमला मोकळी होत जाते. एमजीबी खालच्या टॉर्कवर, चौथ्या गिअरात, घुमत येते. स्टिअरिंग मात्र एमजीबीचं जास्त बोलकं. तिला रॅक अँड पिनियन आहे, स्पायडरला वर्म-रोलरचा बॉक्स. त्या बॉक्समध्ये आणि समोरच्या आयडलर आर्मच्या (स्टिअरिंगचा दांडा दुसऱ्या बाजूने धरणाऱ्या हाताच्या) बुशमध्ये ढिलाई आली की हातात दोन-तीन बोटं रिकामा खेळ येतो. बॉक्स आवळून हा खेळ घालवायला जाऊ नका. आधी आयडलरचा बुश बदला. खेळ बहुधा तिथलाच निघतो, आणि आवळलेला बॉक्स मधोमध जड होऊन झिजतो.

आता स्पायडरची मुंबईतली मोठी अडचण. कारखान्यातून ती फक्त डाव्या स्टिअरिंगची निघाली. लालबागच्या पुलावर बेस्टच्या बसमागे असताना पुढचं दिसायला जवळजवळ अख्खी गाडी बाहेर काढावी लागते, कारण चालक कठड्याच्या बाजूला बसलेला असतो. पार्किंगचं तिकीट घ्यायला शेजारच्याला हात लांबवावा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या १२० व्या कलमानुसार डाव्या स्टिअरिंगच्या गाडीला चालू स्थितीतलं सिग्नलचं साधन असावंच लागतं, त्यामुळे इंडिकेटर बंद असलेली स्पायडर रस्त्यावर काढणं हा निव्वळ आळस नाही, गुन्हा आहे. एमजीबी उजव्या स्टिअरिंगची मूळची मिळते. डाव्याची उजवी करून घेतलेली कुठलीही गाडी टाळा. फायरवॉलला पाडलेली भोकं आणि जोडलेले दांडे पुढे कुठे तडकतील सांगता येत नाही.

पावसाच्या बाबतीत पारडं फिरतं. स्पायडरचं हुड हे त्या काळातलं सर्वांत शहाणं हुड. काचेच्या वरच्या पट्टीवरचे खटके, मागे हात घालून एक ओढ, आणि सीटवरून न उठता टप डोक्यावर. मागच्या कोपऱ्यातल्या छोट्या काचा त्याच हालचालीत वर येतात. जूनच्या पहिल्या सरीला गिरगाव चौपाटीच्या सिग्नलवर हे काम लाल दिवा हिरवा होण्याआधी उरकतं. एमजीबीच्या सुरुवातीच्या पॅकअवे हुडात सांगाडा वेगळा आणि कापड वेगळं: उतरा, सांगाडा खोचा, कापड ताणा, बटणं लावा. १९७० नंतरचं घडीचं हुड सोपं, तरी उतरावं लागतंच. दोन्हींच्या मागच्या खिडकीचं पारदर्शक प्लास्टिक आपल्या उन्हात पिवळं पडतं आणि घडीवर तडकतं. घडी घालताना मध्ये फ्लॅनेलचं मऊ कापड ठेवलं तर निम्मं दुखणं टळतं.

गंज हा या तुलनेतला सर्वांत महाग विषय, म्हणून जरा सविस्तर. दोन्ही गाड्यांना वेगळी चॅसिस नाही. पत्र्याचा सांगाडाच भार घेतो. वर टप नाही, म्हणजे सगळं वजन खालच्या पत्र्यावर. वरळी, वांद्रे, वर्सोवा भागातली खारी हवा आणि चार महिन्यांची ओल यांत आतून सडलेला पत्रा बाहेरून चकचकीत रंगात दिसू शकतो.

एमजीबीत बघायच्या जागा म्हणजे दरवाजाखालच्या सिल. ही एक पट्टी नाही, थरांची पेटी आहे: बाहेरची सिल, मधला पडदा, आतली सिल आणि खालची कॅसल रेल. अनेक गॅरेजेस बाहेरची सिल कापून नवीन ठोकतात, आतला सडका पडदा तसाच ठेवतात. पकडायची पद्धत अशी. गाडी सपाट जागी, दरवाजा बंद. दरवाजाच्या मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत बोट फिरवून बघा. ती वर निमुळती होत असेल तर गाडी मधून बसलेली आहे. मग पुढच्या चाकाच्या मागे, मजबूत जागी जॅक लावून एक बाजू उचला आणि तो दरवाजा उघडून परत लावा. दरवाजा घासला, किंवा खटक्यात बसला नाही, तर सौदा तिथेच थांबवा. सिलचं काम करून घ्यायचं ठरलंच तर कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत आडवा पाइप वेल्ड करून अंतर पकडून ठेवायला हवं. तो न लावता दोन्ही सिल एकदम कापल्या की गाडी केळ्यासारखी वाकते आणि पुढे कुठलाच दरवाजा लागत नाही. सीटच्या मागे, मजल्याखाली बॅटरीचे कप्पे आहेत. जुन्या गाड्यांत तिथे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असायच्या. अॅसिड आणि ओल यांनी तो पत्रा कागदासारखा होतो, म्हणून कार्पेट उचलून बघाच.

स्पायडरचं मर्मस्थान वेगळं: बोनेटखाली, पुढच्या शॉकअॅब्सॉर्बरचे मनोरे. तिथे पत्र्याचे थर एकमेकांवर बसतात आणि मध्ये चिखल साचतो. आतून थर फुगून एकमेकांपासून सुटलेले दिसले, किंवा चाकाच्या खोबणीतून स्क्रू-ड्रायव्हरचं टोक आत गेलं, तर ते काम साध्या टिंकरचं नाही. सस्पेन्शनची भूमितीच त्या पत्र्यावर उभी आहे. सिल, फ्लोअर आणि डिकीचे कोपरेही बघा. दोन्ही गाड्यांवर पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे बहुधा लांबी (पुट्टी) भरलेली आहे. एमजीबीचा एक मोठा आधार असा की १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज तिची नवी कोरी बॉडी बनवते. पॅनेलचा प्रत्येक तुकडा नवीन मिळतो. स्पायडरचे बहुतेक भाग अमेरिकेकडून मागवावे लागतात, कारण तिचा मोठा खप तिथलाच. मिळतात, पण बॉडीच्या तुकड्यांत ती सवड नाही.

इंजिनाच्या देखभालीत एमजीबी माफ करते, स्पायडर करत नाही. स्पायडरचा टायमिंग बेल्ट किलोमीटर बघून बदलायची वस्तू नाही. गाडी वर्षाला हजारभर किलोमीटर फिरते, पण रबर उष्णतेने आणि काळाने मरतं. तीन वर्षं झाली की बेल्ट आणि त्याबरोबर टेन्शनरचं बेअरिंग बदला. १७५६ आणि १९९५ सीसीच्या इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, हेड उघडण्यावाचून मार्ग राहत नाही. नवा बेल्ट चढवल्यावर दोन कॅमच्या पुलीबरोबर तिसऱ्या, ऑक्झिलरी शाफ्टच्या पुलीचीही खूण जुळवायची असते, आणि स्टार्टर मारण्याआधी क्रँक हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवून खुणा परत तपासायच्या. कुठे अडलं तर जोर लावायचा नाही. टॅपेटला स्क्रू नाही. बकेटवर (व्हॉल्व्हवरच्या वाटीवर) ठरावीक जाडीची चकती असते. गॅप मोजा, हत्याराने बकेट दाबा, चकती काढा, मायक्रोमीटरने मापा, हवी त्या जाडीची घाला. कॅम न उतरवता हे होतं ही लाम्प्रेदीची करामत, पण मापाच्या चकत्या आणि मायक्रोमीटर हाताशी असणारं गॅरेज हवं.

गरमीचं बोलायचं तर हाजी अलीच्या सिग्नलला मे महिन्यात उभं राहणं ही दोन्हींची परीक्षा. आपल्याकडे तापणाऱ्या गाडीचा थर्मोस्टॅट काढून फेकायची वाईट सवय आहे. स्पायडरमध्ये थर्मोस्टॅट हेडबाहेर, तीन होजच्या घरात असतो आणि बायपासची वाटही तोच बंद करतो. तो रिकामा केला की गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच जातं. गाडी कमी नाही, जास्त तापते, आणि अॅल्युमिनियम हेड वाकतं. पाणी भरताना पुढची चाकं उंच करा, हीटरचा नळ उघडा ठेवा, म्हणजे हवा अडकणार नाही. इलेक्ट्रिक पंखा असेल तर त्याचा थर्मो-स्विच रिलेवरून चालवा. एमजीबीला ८२ अंशांऐवजी ७४ अंशांचा थर्मोस्टॅट आणि आतून साफ केलेला रेडिएटर पुरतो. लोखंडी हेड जरा जास्त तापलं तरी लगेच वाकत नाही. तेल २०डब्ल्यू-५०. गरम इंजिनात चालताना ५० ते ८० पीएसआय आणि आयडलिंगला १० ते २५ दाखवलं तर प्रेशर ठीक. सिग्नलला काटा खाली येतो म्हणून घाबरून इंजिन उघडू नका.

पंपावर आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि दोन्ही गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. सगळे जुने रबरी पाइप काढून एसएई ३० आर ९ दर्जाचे घाला, नाहीतर आतून मऊ होऊन गळतील आणि एक्झॉस्टवर पेट्रोल म्हणजे आग. इथेनॉलमुळे पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं. एसयू कार्ब्युरेटरमध्ये याची दुरुस्ती हाताने होते, आणि ही एमजीबीची मोठी जमेची बाजू. इंजिन पूर्ण गरम करा, एअर फिल्टर काढा, पिस्टनखालची पिन जेमतेम ०.८ मिमी उचला आणि कान लावा. आवाज क्षणभर चढून सावरला तर बरोबर. चढून चढाच राहिला तर मिश्रण जाड. पडला किंवा इंजिन बंद पडू लागलं तर पातळ. एचएस-४ जातीच्या एसयूच्या जेटखालचा षट्कोनी नट खाली फिरवला की मिश्रण जाड होतं. एका वेळी एकच पैल, आणि दोन्ही कार्ब्युरेटरना सारखा. स्पायडरच्या वेबर कार्ब्युरेटरला जेटच बदलावे लागतात, ते अंदाजाने ड्रिलने मोठे करणाऱ्या माणसाच्या हाती गाडी देऊ नका. व्हॉल्व्ह सीटच्या बाबतीत मात्र स्पायडर निश्चिंत: अॅल्युमिनियम हेडला मुळातच कठीण सीट बसवलेल्या. एमजीबीचं हेड कधीही उघडलं तर एक्झॉस्टला कठीण सीट बसवून घ्या, कारण शिसं नसलेल्या पेट्रोलवर लोखंडी सीट झिजते आणि टॅपेटचा गॅप सारखा मिटत जातो.

एमजीबीची किल्ली फिरवली की मागच्या उजव्या चाकाकडून एसयूच्या विजेवरच्या पेट्रोल पंपाची टकटक येते. भराभर वाजून ती मंदावली, थांबली, म्हणजे सर्व ठीक. इंजिन बंद असतानाही टकटक चालूच असेल तर एकतर कार्ब्युरेटरची नीडल पेट्रोल अडवत नाही, किंवा पंप हवा ओढतोय. किल्ली लावूनही काहीच आवाज नसेल तर पंपाचे पॉइंट जळलेत.

विजेच्या कामाआधी एक गोष्ट विचारा: गाडी १९६७ अखेरच्या आधीची आहे का? त्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेल्या. आजच्या मिस्त्र्याचा हात सवयीने काळी वायर बॉडीला लावतो आणि उलट जोडणी होते. बॅटरीजवळ ठळक अक्षरांत लिहून ठेवा, किंवा सरळ निगेटिव्ह करून अल्टरनेटर बसवा. दोन्ही गाड्यांत हेडलाइटचा पूर्ण करंट स्विचमधून जातो. लॅमिंग्टन रोडवरून चार रिले आणून लावले की दिवे उजळतात आणि स्विच वितळत नाही. स्पायडरच्या अर्ध्या तक्रारी तर फक्त अर्थच्या असतात. बॉडीवरचे सगळे अर्थ उघडून घासून परत आवळले की बंद दिवे लागतात.

पान्यांचा प्रश्न छोटा वाटतो, पण नुकसान मोठं करतो. स्पायडर मेट्रिक, कुठल्याही गॅरेजच्या १०, १३, १७ च्या पान्यांवर चालते. एमजीबीला इंची पाने: ७/१६, १/२, ९/१६. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, त्यावर १३ चा पाना बसतो, फिरतो, आणि नटाचे कोपरे खातो. आपला एक संच गाडीतच ठेवा.

खड्ड्यांत स्पायडरची चाल सरस. एमजीबीचे लिव्हर-आर्म शॉक तेलाचे. गळले की पुढचं नाक नाचतं. तेल भरून बघा, महिन्यात परत संपलं तर दुरुस्तीला पाठवा. पुढच्या किंगपिनला (चाक ज्यावर वळतं त्या खांबाला) प्रत्येक बाजूला तीन ग्रीस निपल आहेत. पुस्तकात ३,००० मैल लिहिलंय. मुंबईच्या धुळीत आणि पाण्यात १,५०० किलोमीटरवर ग्रीस मारा. स्पायडरच्या बॉल जॉइंटला हे लागत नाही. टायरमध्ये एमजीबी सुटते: १४ इंची चाकाला १६५/८० आर १४ बसतो, हा स्विफ्टवर चालणारा माप. स्पायडरच्या १३ इंची चाकाला शोधाशोध करावी लागते. तारांची चाकं सुंदर दिसतात, पण पेव्हर ब्लॉकवर तारा ढिल्या होतात. घ्यायचीच तर चाक उचलून, ब्रेक दाबून, चाक पुढे-मागे हलवा. खट्ट आवाज आला तर आतल्या दात्या झिजल्यात. १९७४ अखेरनंतरच्या रबरी बंपरच्या एमजीबी सुमारे ३८ मिमी उंच केलेल्या, त्यामुळे स्पीडब्रेकरवर सायलेन्सर वाचतो, पण वळणावर गाडी झुकते. आमची पसंती १९६८ ते १९७४: पहिल्या गिअरलाही सिंक्रो (गिअर न खरखरता पडायची सोय), पाच बेअरिंगचं क्रँक, निगेटिव्ह अर्थ आणि मूळची उंची.

पावसाळ्यात गाडी उभी करायची तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. स्पायडरचे मागचे कॅलिपर ओलीत जाम होतात, एमजीबीचे लायनर ड्रमला चिकटतात. चाकांना लाकडी ठोकळे लावा. क्लच प्लेटही फ्लायव्हीलला चिकटते, म्हणून सीट आणि पेडलमध्ये काठी अडकवून क्लच दाबलेला ठेवा. टाकी पूर्ण भरा, बॅटरी सोडवा, आणि वर सुती कव्हर. प्लास्टिकचं कव्हर ओल आत कोंडतं, त्याने गंज वाढतो.

तेव्हा रोज हात काळे करणारा, शहरातच फिरणारा माणूस एमजीबी घेईल तर सुखी राहील. स्पायडर त्याने घ्यावी ज्याच्याकडे बंदिस्त, कोरडं गॅरेज आहे, मोजमापाने काम करणारा मिस्त्री आहे, आणि डावं स्टिअरिंग ज्याला जाचत नाही. चालवण्याचा आनंद त्याला जास्त मिळेल, हे मान्य केलंच पाहिजे.

कागदांचं शेवटी, पण पैसे देण्याआधी. जुलै २०२१ च्या विंटेज नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात भरीव बदल न केलेली गाडीच विंटेज ठरते. आधीच नोंदलेली गाडी आपला जुना नंबर ठेवू शकते. नव्याने नोंदली तर व्हीए मालिका, फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढे ५ वर्षांच्या नूतनीकरणाला ५,०००. अशी गाडी रोजच्या वापराला नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल यांसाठीच रस्त्यावर आणायची. म्हणूनच दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलेली स्वस्त स्पायडर महाग पडते. बोनेट उघडून नंबरची पट्टी आरसीशी ताडून बघा: एमजीबी रोडस्टरची सुरुवात जीएचएन-३, ४ किंवा ५ ने, स्पायडरमध्ये एएस, बीएस किंवा सीएस ही अक्षरं. पट्टीचे रिव्हेट नवे दिसत असतील किंवा एक अक्षर जरी आरसीशी जुळत नसेल, तर इसार देऊ नका.